युनिक्स घरीं येते

इ. स. १९९९ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस परभणी जिल्ह्याचा कांहीं भाग वेगळा काढून हिंगोली हा नवा जिल्हा करण्यांत आला. नामदेवांची नरसी, औंढ्याचा नागनाथ, वसमतची हळद आणि निजामी राजवटींतील जुनी छावणी एवढ्यावरच बाहेरच्या लोकांना या मुलखाची ओळख होती. त्याच सुमारास एक निराळीच वस्तु मोठ्या शहरांतून लहान गांवांकडे सरकूं लागली होती. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकानें १९९६ पासून आपल्या अंकाबरोबर लिनक्सची तबकडी, म्हणजे सी.डी., देण्यास प्रारंभ केला होता. ज्यास टेलिफोनवरून इंटरनेट घेणें परवडत नव्हतें, किंवा ज्याच्या गांवीं तें नीट मिळतच नव्हतें, त्यास अंकाच्या किमतींत एक संपूर्ण कार्यप्रणाली घरीं नेतां येऊं लागली. विश्वविद्यालयें, बँका आणि टेलिफोन कंपन्या यांच्या कोठ्यांत ज्या युनिक्सचा संसार वाढला, तिचें रूप मासिकाच्या पाकिटांतून असें घरीं आलें. हा प्रवास तीस वर्षांचा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय हें आधीं स्पष्ट झालें पाहिजे. संगणक हें नुसतें यंत्र. त्यास स्मरण असतें, गणित करण्याची शक्ति असते, परंतु कळ दाबली असतां अक्षर पडद्यावर कोणीं आणावें, लिहिलेला मजकूर कोठें ठेवावा, दोन कामें एकदम आलीं तर आधीं कोणतें करावें, हें त्यास कळत नाहीं. हा सारा कारभार जी आज्ञावली पाहते ती कार्यप्रणाली. युनिक्सचा कारभार जुन्या वाड्यासारखा आहे. वाडा एक, बिऱ्हाडें अनेक. प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येकाचें कुलूप वेगळें, आणि सर्व किल्ल्यांचा जुडगा एकट्या कारभाऱ्याकडे. या कारभाऱ्यास युनिक्समध्यें ‘रूट’ म्हणतात. घरांत संगणकावर बसणारा एकटाच असला तरी त्यानें रोजचें काम साध्या बिऱ्हाडकरूच्या नात्यानें करावें आणि जुडगा क्वचितच हातीं घ्यावा, अशी या प्रणालीची शिस्त आहे. नवख्यास ती जाचक वाटते. पण तिच्यामुळेंच एकाची चूक सबंध वाड्यास भोंवत नाहीं.

या प्रणालीचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन टॉम्पसन हा तेथील तरुण संशोधक. त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन कांहीं आठवडे नातेवाईकांस भेटावयास गेली, तेवढ्या अवधींत त्यानें पीडीपी-७ नांवाच्या अडगळींत पडलेल्या लहान यंत्रावर नव्या प्रणालीचा सांगाडा उभा केला. डेनिस रिची हा त्याचा सहकारी. त्यानें पुढें ‘सी’ ही भाषा रचली, आणि १९७३ मध्यें युनिक्सचा गाभा त्या भाषेंत नव्यानें लिहिला गेला. या एका गोष्टीचें महत्त्व फार आहे. तोंपर्यंत प्रत्येक यंत्राची प्रणाली त्या यंत्राच्याच बोलींत लिहिलेली असे. यंत्र बदललें कीं सारें लिखाण वायां जाई. आतां युनिक्स एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेतां येऊं लागली.

ती फुकट वांटली गेली याचें कारण मात्र कोणाचें औदार्य नव्हे. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीनें टेलिफोनखेरीज इतर धंदा करण्यास बंदी होती. म्हणून तिनें युनिक्स अल्प शुल्कांत विश्वविद्यालयांस दिली, मूळ लिखाणासकट दिली. आणि बर्कली येथील विद्यार्थ्यांनीं तिच्यांत मोलाची भर घातली. १९८४ च्या आरंभीं त्या कंपनीचें विभाजन झालें, बंदी उठली, आणि मग हाच माल बाजारभावानें विकला जाऊं लागला. लहान संगणकांसाठीं युनिक्सचा ‘झेनिक्स’ नांवाचा अवतार १९८० पासून विक्रीस आला होता, आणि तो विकणारी कंपनी मायक्रोसॉफ्ट होती, हें आज ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हिंदुस्थानांत बँकांच्या यंत्रीकरणाविषयीं डॉ. रंगराजन समितीनें १९८४ मध्यें मार्ग आंखून दिल्यावर युनिक्स जातीच्या प्रणाली कित्येक शाखांतून चालूं लागल्या. तेव्हां मराठी तरुणांची युनिक्सशीं पहिली गांठ पडली ती बहुधा बँकेच्या कांचेमागें. घरीं नेण्याची ती वस्तु नव्हती. तिच्या परवान्याची किंमतच सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर होती.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें सप्टेंबर १९८३ मध्यें ‘ग्नू’ ही योजना जाहीर केली. युनिक्ससारखी, परंतु जिचें लिखाण कोणीहि वाचावें, बदलावें व वांटावें अशी प्रणाली मुळापासून लिहावयाची, हा तिचा हेतु. कित्येक भाग तयार झाले. गाभा मात्र रखडला. इकडे हॉलंडमध्यें अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांनीं १९८७ सालीं विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं ‘मिनिक्स’ नांवाची लहानशी प्रणाली पुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. ती घरच्या संगणकावर चालत असे, परंतु ती पाठ्यपुस्तकाची सोबतीण. तिच्यांत फार भर घालूं देण्यास प्राध्यापक राजी नव्हते.

फिनलंडमधील हेलसिंकीच्या विश्वविद्यालयांतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ च्या जानेवारींत हप्त्यांनीं पैसे फेडण्याच्या बोलीवर ३८६ जातीचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसविली. ऑगस्टच्या २५ तारखेस त्यानें जाहीर केलें कीं आपण एक प्रणाली लिहीत आहों, हा केवळ छंद आहे. पुढें एकदां विश्वविद्यालयाच्या यंत्राशीं टेलिफोनवरून जोडणी करतांना त्याच्या हातून एक घोटाळा झाला. फोन फिरविण्याची आज्ञा त्यानें चुकून मोडेमकडे न पाठवितां हार्ड डिस्ककडे पाठविली, आणि जेथें मिनिक्स होती ती जागा बिघडून गेली. आतां मिनिक्स पुन्हां बसवावी कीं स्वतःचीच प्रणाली स्वतःच्या पायांवर उभी करावी, असा प्रश्न पडला. त्यानें दुसरा मार्ग धरला. १९९२ मध्यें त्यानें लिनक्सचा गाभा स्टॉलमन यांच्या सार्वजनिक परवान्याखालीं आणला, आणि ग्नूचे तयार भाग व हा गाभा मिळून घरगुती संगणकास पुरेल अशी पूर्ण प्रणाली सिद्ध झाली. १९९३ सालीं स्लॅकवेअर आणि डेबियन या दोन मांडण्या निघाल्या. दोन्ही अद्याप नांदत आहेत.

आतां ही तबकडी घरच्या यंत्रांत घालणें म्हणजे काय होतें तें पाहूं. विसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यम स्थितींतील घरांत जो संगणक येई, त्यांत विंडोज अगोदरच भरलेली असे. आणि ती पुष्कळदां परवान्यावांचून नकललेली असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सबंध डिस्क तिनें व्यापलेली. म्हणून पहिलें काम वांटणीचें. डिस्कचा एक हिस्सा मोकळा करून त्याचे निदान दोन भाग पाडावयाचे. एक प्रणालीसाठीं व दुसरा ‘स्वॅप’ म्हणजे स्मरणाच्या उसनवारीसाठीं. हा दुसरा भाग स्मरणाच्या दुप्पट असावा असा त्या काळचा सर्वसाधारण आडाखा होता. शेताची वांटणी चुकली तर तलाठ्याकडे जाऊन दुरुस्त होते. येथें एक आंकडा चुकला तर घरचे हिशेब आणि मुलांचे निबंध एका क्षणांत नाहींसे. वडिलांनीं कर्ज काढून घेतलेल्या यंत्रावर हा प्रयोग करणाऱ्या मुलाच्या छातींत त्यावेळीं काय होत असेल, याची कल्पना करावी.

वांटणी साधली म्हणजे ‘लिलो’ नांवाच्या द्वारपालाची नेमणूक. यंत्र चालूं होतांच हा विचारी कीं विंडोजकडे जावयाचें कीं लिनक्सकडे. जुन्या यंत्रांत त्यास डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचें दिसत नसे. तो आपलें नांव एकेक अक्षर करून पडद्यावर लिही, आणि वाटेंत अडला तर पहिलीं दोन अक्षरें लिहून तेथेंच थांबे. कित्येकांनीं त्या अर्धवट नांवाकडे पाहत रात्री घालविल्या. द्वारपालानें आंत सोडलें तरी पडद्यावर चित्रें येत नसत; केवळ काळ्या पाटीवर पांढरीं अक्षरें. चित्रांसाठीं ‘एक्स’ ही व्यवस्था बसवावी लागे, आणि तिला आपल्या मॉनिटरची आडवी व उभी कंपनसंख्या आंकड्यांत सांगावी लागे. हे आंकडे मॉनिटरबरोबरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असत, आणि ती पुस्तिका दुकानदारानें दिलेलीच नसे. भलता आंकडा दिल्यास जुना मॉनिटर जळण्याचा संभव असे, ही धास्ती निराळीच.

मोडेमची कथा सर्वांत दुःखद. स्वस्त मोडेम निम्में यंत्र आणि निम्में विंडोजची आज्ञावली असें असे. लिनक्सखालीं तें मुकें होई. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य जनतेस इंटरनेट दिलें होतें खरें, पण मोडेम मुकें असल्यावर तें मोडेम बोलकें कसें करावें हें ज्या इंटरनेटवर लिहिलेलें तेंच हातीं येत नसे. विहिरींतील पाणी काढण्यासाठीं लागणारा दोर विहिरींतच पडलेला, तशांतली ही गत.

या अडचणी हेलसिंकींतहि होत्या, नांदेड-परभणीकडेहि होत्या. एक अडचण मात्र विशेषेंकरून आपली. लिनक्सची जुनी दप्तर-व्यवस्था ‘एक्स्ट-टू’ नांवाची होती. तिच्यांत लिखाण आधीं स्मरणांत राही व सवडीनें डिस्कवर उतरे. मध्येंच वीज गेली तर कोणतें पान कोणत्या बासनांत, याचा मेळ बसत नसे. पुढच्या वेळीं यंत्र चालूं होतांना सगळी डिस्क तपासली जाई, आणि कधीं तपासणी मध्येंच थांबून कारभाऱ्याचा परवलीचा शब्द मागे. फिनलंडमध्यें वीज क्वचित जाते. मराठवाड्यांत चालूं शतकाच्या पहिल्या दशकांत भारनियमनाचें वेळापत्रक भिंतीवर टांगलेलें असे, आणि वीज त्या वेळापत्रकाचाहि मान राखीत नसे. नोव्हेंबर १९९१ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर दहा वर्षांनीं, नोव्हेंबर २००१ मध्यें, ‘एक्स्ट-थ्री’ ही सुधारलेली व्यवस्था मुख्य गाभ्यांत आली. ती प्रत्येक फेरफाराची नोंद आधीं एका रोजकीर्दींत करते व मग खतावणींत चढविते. वीज गेली तरी रोजकीर्द पाहून मेळ क्षणांत बसतो. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या कोणाहि मुनिमास ही युक्ति समजावून सांगावी लागली नसती.

इतकें सारें साधल्यावरहि पडद्यावर जें उमटे तें इंग्रजी. मराठी मुलखांत या प्रणालीचें भवितव्य खरोखर या प्रश्नावर अवलंबून होतें, आणि या भागाचा इतिहास पुणें-मुंबईंत घडला. देवनागरीसाठीं ‘इस्की’ ही भारतीय संकेतपद्धति १९९१ सालीं प्रमाण ठरली होती, आणि जगांतील सर्व लिप्यांसाठीं आखलेल्या युनिकोडमध्यें देवनागरीची मांडणी तिच्याच वळणावर झाली. परंतु बाजारांत चालत होते ते वेगळेच फॉन्ट. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें केवळ चित्र बसविलेलें असे. ज्यानें तो फॉन्ट घेतला नाहीं त्यास मजकुराच्या जागीं अर्थहीन चिन्हें दिसत. २००० सालीं मुंबईंत ‘इंडलिनक्स’ हा उपक्रम सुरू झाला. लिनक्सच्या पडद्यावरील सूचना भारतीय भाषांत आणावयाच्या, आणि त्या युनिकोडच्या पायावर आणावयाच्या, हा त्याचा संकल्प. पुढें ग्नोम आणि केडीई या दोन पडदा-व्यवस्थांचीं मराठी भाषांतरें होऊं लागलीं.

भाषांतर हें सोपें काम नव्हे. ‘फाईल’ला संचिका म्हणावें, धारिका म्हणावें, कीं फाईलच म्हणावें? कचेरींत जो शब्द कित्येक पिढ्या रुळला, ज्यावांचून शिपायाचेंहि काम अडतें, तो संगणकावर आला म्हणून परका ठरविणें हा निव्वळ हट्ट होय. उलट ‘प्रिंट’ला छापणें हा घरचा शब्द असतां तो टाकून नवें जोडाक्षरी नाणें पाडणेंहि व्यर्थच. भाषांतरकारांनीं दोन्ही प्रकारच्या चुका केल्या आणि कांहीं ठिकाणीं फार चांगले शब्दहि दिले.

शब्दांहून अक्षरांची अडचण मोठी होती. इंग्रजी अक्षरें एकापुढें एक बसतात. देवनागरींत ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनानंतर, पण लिहिण्यांत आधीं. जोडाक्षरांत अक्षरें एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढतात. हें रचण्याचें काम प्रणालीनेंच करावें लागतें. हिंदीपुरतें तें साधलें तरी मराठीचें भागत नाहीं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक विद्वानांचें संबोधन, दुसरें स्वयंपाक्यांचें. दोहोंतील फरक रकाराच्या आकारांत. दर्या आणि दऱ्या यांतहि तोच. हा आडवा रकार हिंदींत लागत नाहीं, म्हणून हिंदीवर बेतलेल्या फॉन्टांतून तो सहज गळे, आणि लग्नपत्रिकेंतील आचारी आचार्य होऊन बसत. ‘ॲ’ हें अक्षर तर युनिकोडमध्यें २००८ सालीं, ५.१ व्या आवृत्तींत, स्वतंत्र स्थान पावलें. तोंवर इंग्रजी शब्दांसाठीं मराठीनें केव्हांच पत्करलेल्या या स्वराला स्वतःचें घर नव्हतें.

या कामीं ‘लोहित’ फॉन्टांचा उपयोग मोठा झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेनें ते मुळांत घडविले, आणि २००४ सालीं रेड हॅट कंपनीनें ते मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध केले. तेव्हांपासून लिनक्स बसविणाऱ्यास मराठी अक्षरांसाठीं वेगळें द्रव्य मोजण्याचें कारण उरलें नाहीं. यंत्राच्या घडणींत याहून मोठे शोध पुष्कळ झाले असतील. परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीनें हें एक दान त्या सर्वांच्या पंक्तीस बसण्याजोगें आहे.

यानंतर ही प्रणाली छंदिष्टांच्या हातांतून संस्थांकडे गेली. २००७ च्या जानेवारींत सी-डॅकनें डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय मांडणी काढली व तींत मराठीचा समावेश केला. त्याच वर्षीं रायगड जिल्ह्यांतील खैराट या लहानशा वस्तीच्या शाळेंत मुलांना ‘एक्सओ’ हे हिरवे-पांढरे लहान संगणक मिळाले. त्यांचें स्मरण अवघें २५६ मेगाबाइट, आंत लिनक्स. एका मुलास एक संगणक या अमेरिकन योजनेचा हिंदुस्थानांतील तो आरंभींचा प्रयोग होता. तो मोठ्या प्रमाणावर फैलावला नाहीं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमानें लिनक्सचे पाठ मराठींतून बोलून दाखविले, ही गोष्ट मात्र टिकली. ज्यास इंग्रजी पुस्तिका वाचणें जड जातें त्यास कानांनीं ऐकून हातांनीं करण्याची सोय झाली.

सर्वांत दूरवर पोंचलें तें न्यायखातें. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनें देशांतील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठीं उबंटू ही लिनक्सची मांडणी पसंत केली. न्यायाधीशांना दिलेल्या संगणकांवर ती बसली, आणि न्यायाधीशांतूनच निवडक मंडळी तयार करून त्यांच्याकडून इतरांस शिकविण्यांत आलें. खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणें शाखेनें रचली. महाराष्ट्रांत कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. तेव्हां हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत वकील, कारकून व लघुलेखक यांची या प्रणालीशीं भेट झाली ती छंद म्हणून नव्हे, रोजच्या कामाच्या ओघांत. जुन्या फॉन्टांत टंकलेले अर्ज व निकाल तिच्यावर उघडले असतां अक्षरांचा बुकणा होई, आणि जुनें दप्तर युनिकोडमध्यें उतरविण्याचें किचकट काम त्यामुळें टाळतां येईना.

ज्यांनीं लिनक्सचें नांवहि ऐकलें नाहीं त्यांच्या खिशांत ती केव्हांच शिरली होती. अँड्रॉइड जातीच्या फोनांचा गाभा लिनक्सचाच. असा पहिला फोन २००८ मध्यें बाजारांत आला. वसमतच्या बाजारांतील हळदीचा भाव त्यावर पाहणारा शेतकरी न कळत त्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याच्या छंदाचा लाभ घेतो.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें गुरुत्वतरंग टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्यें अंतिम मान्यता दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटि रुपयांचा. काटकोनांत पसरलेल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिला तरंग टिपला, आणि तेथील यंत्रांचें नियंत्रण व मोजमापांचें गणित लिनक्सवर चालतें. या मोजमापांचा एक भाग जगांतील स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांकडून तपासून घेण्याची ‘आइनस्टाइन ॲट होम’ ही योजना फेब्रुवारी २००५ पासून चालू आहे. गुरुत्वतरंगांखेरीज दुर्बिणींनीं टिपलेल्या रेडिओ लहरीहि ती तपासते, आणि २०१० सालीं अमेरिकेंतील एका घरच्या आणि जर्मनींतील एका संगणकानें मिळून त्या लहरींतून एक नवा स्पंदतारा शोधून काढला. त्या योजनेंत भाग घेण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. लिनक्स बसविलेला साधा संगणक, इंटरनेटची जोडणी आणि टिकून राहणारी वीज एवढें पुरतें.